सायबर सुरक्षेतील इंटर्नशिपचे श्रेयांक : काम गोपनीय असेल तर नोंद कशाची ठेवायची?

कृष्णाकाठ

नमस्कार. सांगली जिल्ह्यातील एका पदवी महाविद्यालयात मी संगणकशास्त्र शिकवते आणि गेली दोन वर्षे तिसऱ्या वर्षाच्या ओजेटीचे (ऑन-जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षण) समन्वयन माझ्याकडे आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आमच्या अभ्यासक्रमात ओजेटीला ४ श्रेयांक आहेत. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात ३० तासांच्या अध्ययनाला १ श्रेयांक धरला आहे, म्हणून विद्यार्थ्याने किमान १२० तास काम करावे, रोजची नोंद ठेवावी, अहवाल लिहावा आणि शेवटी तोंडी परीक्षा द्यावी, अशी आमच्याकडची रीत आहे. संकेतस्थळे बनवण्याच्या किंवा सॉफ्टवेअर तपासणीच्या कामाला गेलेल्या मुलांच्या बाबतीत ही रीत सुरळीत चालते. सायबर सुरक्षेकडे गेलेल्या मुलांचे मात्र अडते, आणि मागच्या सत्रात ते माझ्या डोळ्यांसमोर अडले.

आमचा एक विद्यार्थी पुण्यातील एका लहान कंपनीच्या सुरक्षा देखरेख केंद्रात, ज्याला सगळे ‘सॉक’ म्हणतात तिथे, पाच आठवडे राहिला. नातेवाइकांकडे राहून, दोन बस बदलून तो रोज कामावर जात होता. पहिल्याच दिवशी त्याच्याकडून गोपनीयतेचा करार लिहून घेतला होता, पण तो त्याने आम्हाला दाखवला नाही आणि आम्हीही मागितला नाही. अहवालाची वेळ आली तेव्हा कंपनीने एकही चित्र, एकही ओळ बाहेर नेण्यास नकार दिला आणि हातात दोन ओळींचे प्रमाणपत्र ठेवले. बाह्य परीक्षकांनी ‘तू नेमके काय केलेस?’ असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘सर, ते सांगता येणार नाही.’ त्याला जेमतेम उत्तीर्णतेपुरते गुण मिळाले. त्याच दिवशी, घरबसल्या पैसे भरून ‘व्हर्च्युअल इंटर्नशिप’ घेतलेल्या दुसऱ्या एका मुलाने साठ पानांचा रंगीत अहवाल सादर केला आणि त्याला उत्तम गुण मिळाले.

परीक्षकांचा दोष मी मानत नाही, कारण त्यांच्यासमोर जे ठेवले गेले त्यालाच त्यांनी गुण दिले. चूक आमची, म्हणजे महाविद्यालयाची होती, आणि ती मला मनापासून लागली आहे. या क्षेत्रात प्रामाणिकपणे गोपनीयता पाळणारा मुलगा मागे पडणार असेल, तर आपण त्याला या क्षेत्राचा पहिलाच धडा उलटा शिकवत आहोत. पुढच्या सत्रात सहा विद्यार्थी या कामाला जाणार आहेत. कंपनीशी आधी काय ठरवून घ्यावे, मुलांनी नोंद कशाची आणि कशी ठेवावी, आणि लहान गावांतून अशी कामे मिळतील का, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

सह्यकडा

हिंजवडीतील एका सॉकमध्ये मी अकरा वर्षे काम करत आहे आणि दर वर्षी काही प्रशिक्षणार्थी माझ्या हाताखाली असतात. कृष्णाकाठ, तुमच्या विद्यार्थ्याविषयी वाचून वाईट वाटले, पण कंपनी का घाबरते तेही समजून घ्यायला हवे. आम्ही दुसऱ्यांच्या यंत्रणांवर देखरेख करतो. ग्राहकाचे नाव, त्याच्या सर्व्हरचे पत्ते, कोणता फायरवॉल आहे, कोणती त्रुटी अजून दुरुस्त झालेली नाही, यांपैकी एखादी गोष्ट जरी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवलेल्या अहवालात गेली, तरी हल्लेखोराचे अर्धे काम आयते होते. त्यामुळे शेवटच्या दिवशी ‘आता अहवालासाठी काहीतरी द्या’ असे कोणी म्हटले की व्यवस्थापनाकडून सरसकट नकारच येतो. हीच गोष्ट पहिल्या दिवसाच्या आधी विचारली, तर बहुतेक वेळा मार्ग निघतो, असा माझा अनुभव आहे.

नवा प्रशिक्षणार्थी आमच्याकडे प्रामुख्याने अलर्टची, म्हणजे धोक्याच्या सूचनांची, छाननी करतो. वेगवेगळ्या यंत्रांवरचे लॉग, म्हणजे घडामोडींच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, सिएम नावाच्या प्रणालीत एकत्र येतात, तिच्यातील नियमांत बसणारी घटना घडली की अलर्ट उठतो, आणि तो खरा की खोटा, खरा असेल तर किती गंभीर, आणि वरच्या पातळीवर पाठवायचा की इथेच बंद करायचा, हे माणसाला ठरवावे लागते. पहिल्या आठवड्यात मुले प्रत्येक अलर्टला हल्ला समजतात आणि तिसऱ्या आठवड्यात एकही अलर्ट त्यांना हल्ला वाटेनासा होतो. या दोन टोकांच्या मधली जागा सापडणे, हेच खरे शिक्षण आहे आणि श्रेयांक द्यायचा तर तो त्याला द्यावा. ते शिक्षण दाखवण्यासाठी ग्राहकाचे नाव लागत नाही. ‘एका कर्मचाऱ्याच्या खात्यावर रात्री दोन ते अडीचच्या दरम्यान चाळीस वेळा चुकीचा पासवर्ड टाकला गेला, मी प्रथम तो हल्ला मानला, नंतर पासवर्ड बदलल्यावर जुन्याच पासवर्डने चालू राहिलेली एक स्वयंचलित प्रक्रिया त्याला कारणीभूत असल्याचे आढळले, ते मी अशा क्रमाने शोधले,’ एवढे लिहिले तरी परीक्षकाला मुलाची विचारपद्धती दिसते आणि कोणाचे गुपितही फुटत नाही.

आमच्या केंद्रात आम्ही मुलांना एक शिस्त लावतो. सुरक्षा क्षेत्रात माहिती वाटण्यासाठी ‘ट्रॅफिक लाइट प्रोटोकॉल’ वापरतात. लाल म्हणजे समोर बसलेल्यांपुरतीच माहिती, अंबर म्हणजे संस्था आणि तिचे ग्राहक यांच्या आत आणि गरजेपुरती, हिरवा म्हणजे या क्षेत्रातील मंडळींमध्ये वाटता येईल अशी, आणि क्लिअर म्हणजे सर्वांसाठी खुली. या शेवटच्या पायरीला २०२२ मधील दुसऱ्या आवृत्तीपूर्वी पांढरा म्हणत. विद्यार्थी रोजनिशी लिहितो तेव्हा प्रत्येक नोंदीसमोर यांपैकी एक रंग लिहितो, आणि दर शुक्रवारी मी त्या रंगांवर नजर टाकून सही करतो. महाविद्यालयात फक्त हिरव्या आणि क्लिअर नोंदी जातात. लाल व अंबर नोंदींचे तास मोजले जातात, मजकूर मात्र आमच्याकडेच राहतो.

आणखी एक उपयुक्त गोष्ट. अहवालात आयपी पत्ते, म्हणजे जाळ्यावरील यंत्रांचे आकडी पत्ते, दाखवावेच लागतात, नाहीतर वर्णन समजत नाही. त्यासाठी खरे पत्ते खोडून काळ्या पट्ट्या मारण्यापेक्षा, केवळ उदाहरणांसाठी राखून ठेवलेले पत्ते वापरावेत. १९२.०.२, १९८.५१.१०० आणि २०३.०.११३ यांनी सुरू होणारे तीन पट्टे इंटरनेटच्या मानकांत खास लेखनासाठी राखलेले आहेत आणि ते कोणाच्याही मालकीचे नसतात. एवढी काळजी घेतलेला अहवाल पाहिला की मला लगेच कळते, की या मुलाला कामाचे मर्म समजले आहे.

रातराणी

कृष्णाकाठ मॅडम, तुम्ही लिहिलेला दुसरा मुलगा मी नाही, पण मी तसेच केले होते. म्हणून लिहिते आहे. मी बी. एस्सी. आयटीच्या तिसऱ्या वर्षाला असताना घरच्या अडचणीमुळे गाव सोडून जाणे शक्य नव्हते. एका संकेतस्थळावर शुल्क भरल्यावर मला तीन कामांची यादी आली : पासवर्ड किती मजबूत आहे हे तपासणारा छोटा प्रोग्राम लिहिणे, वायरशार्क या जाळ्यावरची देवाणघेवाण दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये स्वतःच्याच संगणकाची वाहतूक टिपणे आणि फिशिंगवर, म्हणजे बनावट संदेशांतून होणाऱ्या फसवणुकीवर, दोन पाने लिहिणे. तिन्ही कामे चार दिवसांत संपली. प्रमाणपत्रावर मात्र ‘आठ आठवडे’ असे छापलेले होते. माझ्याशी एकही माणूस एकदाही बोलला नाही, माझे काम कोणी उघडून पाहिले की नाही हेही मला समजले नाही, आणि तरीही त्या प्रमाणपत्रावर मला श्रेयांक मिळाले. पुढे नोकरीच्या मुलाखतीत ‘तुमच्या मार्गदर्शकांनी तुमची कोणती चूक दाखवून दिली?’ असा साधा प्रश्न आला आणि माझ्याकडे सांगण्यासारखे काहीच नव्हते. तो दिवस मी विसरलेले नाही.

मला दोन प्रश्न विचारायचे आहेत. ज्या मुलींना बाहेरगावी जाता येत नाही त्यांनी बग बाउंटी केली, म्हणजे कंपन्यांच्या संकेतस्थळांतील त्रुटी शोधून कळवल्या, तर ते तास धरता येतील का? आणि सॉकमध्ये रात्रपाळी असते, ती विद्यार्थ्यांना करावीच लागते का?

सह्यकडा

रातराणी, तुम्ही मोकळेपणाने लिहिलेत, त्याबद्दल आभार.

रात्रपाळी आम्ही विद्यार्थ्यांना देत नाही. आठ तासांच्या पंधरा दिवसपाळ्यांत १२० तास पूर्ण होतात. एखाद्या ठिकाणी रात्री बोलावत असतील, तर महाविद्यालयाने ते आधीच लेखी नाकारावे.

बग बाउंटीबद्दल माझे मत स्पष्ट आहे : ती चांगली साधना आहे, पण इंटर्नशिप नाही. तिथे मार्गदर्शक नसतो, तास कोणी मोजत नाही, आणि महिनाभर शोधूनही काही न सापडणे हा त्या कामाचाच स्वभाव आहे, त्यामुळे श्रेयांक नशिबावर सोपवल्यासारखा होतो. त्याहून मोठी काळजी कायद्याची आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये परवानगीशिवाय संगणकात प्रवेश करणे येते, आणि तेच कृत्य अप्रामाणिक हेतूने केले तर कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘मी फक्त पाहत होतो’ हे सिद्ध करत बसण्याची वेळ विद्यार्थ्यावर येऊ नये. जाहीर कार्यक्रम असेल तर त्याची व्याप्ती शब्दशः वाचावी, आणि व्याप्तीबाहेरच्या पत्त्याला हात लावू नये. महाविद्यालयाचे स्वतःचे जाळे तपासायचे असेल तरी प्राचार्यांची लेखी परवानगी घ्यावी. तोंडी परवानगीवर विसंबू नये.

पिंपळपान

मी एका नागरी सहकारी बँकेत माहिती तंत्रज्ञान अधिकारी आहे. गाव लहान आहे, आमचा विभाग तीन माणसांचा आहे. कृष्णाकाठ यांच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मला होकारार्थी द्यायचे आहे.

सायबर सुरक्षा म्हटले की सर्वांच्या डोळ्यांसमोर हिंजवडीतील काचेच्या इमारती येतात. पण ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर जो हल्ला झाला, ज्यात एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेच्या जागी बनावट यंत्रणा उभी करून २८ देशांतून पैसे काढले गेले आणि एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले, त्यानंतर आमच्यासारख्या बँकांचेही जग बदलले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेचा मूलभूत आराखडा आणला आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी बँकांच्या डिजिटल व्यवहारांच्या खोलीनुसार चार पातळ्या ठरवल्या. त्या आराखड्यातील कितीतरी कामे अशी आहेत, की ती कष्टाची आहेत, शिकवणारी आहेत आणि ग्राहकाच्या खात्याला हात न लावता करता येतात.

मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडे जवळच्या महाविद्यालयातील एक विद्यार्थिनी होती. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सर्व यंत्रांची घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवलेली असावी लागतात, लॉग १८० दिवस जपावे लागतात, आणि घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. आम्ही तिला फक्त घड्याळांचे काम दिले. मुख्य कार्यालय आणि शाखा मिळून प्रत्येक संगणक, संगणकांना जाळ्यात जोडणारा प्रत्येक स्विच, प्रत्येक कॅमेऱ्याची नोंदपेटी (डीव्हीआर) कोणती वेळ दाखवते, याचा तक्ता तिने केला. एका शाखेतील नोंदपेटी अकरा मिनिटे मागे निघाली. ऐकायला ही बाब किरकोळ वाटते, पण उद्या त्या शाखेत काही घडले आणि कॅमेरा एक वेळ सांगू लागला व सर्व्हर दुसरी, तर तपास तिथेच अडेल. हे तिने स्वतः ओळखले आणि आम्हाला समजावून सांगितले, तेव्हा आमचे व्यवस्थापकही उठून तिच्या टेबलापाशी आले. तिच्या अहवालात शाखांना क, ख, ग अशी नावे आहेत, आणि त्यात गोपनीय असे काहीही नाही.

तिसऱ्या वर्षाच्या मुलांना देता येतील अशी आणखी कामे सांगतो. नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्यांची खाती खरोखर बंद झाली का ते तपासणे; बॅकअप नुसता घेतला जातो की तो परत उभा राहतो, हे चाचणी यंत्रावर पाहणे; कर्मचाऱ्यांसाठी फिशिंगविषयी मराठीतून तासाभराचे प्रशिक्षण तयार करणे. शेवटचे काम तर बाहेरची मोठी कंपनी कधीच नीट करत नाही, कारण आमच्या रोखपालांना कळेल अशी भाषा तिच्याकडे नसते. साखर कारखाने, पतसंस्था, रुग्णालये, नगरपालिका, सगळीकडे ही कामे पडून आहेत. महाविद्यालयाने फक्त पत्र घेऊन यावे आणि आम्हाला काय हवे ते विचारावे.

माळरान

माझा मुलगा दुसऱ्या वर्षाला आहे. पंतप्रधान इंटर्नशिप योजनेतून असे काम घेतले तर श्रेयांक आणि विद्यावेतन दोन्ही मिळतील, असे त्याला कोणीतरी सांगितले आहे. ते बरोबर आहे का?

कृष्णाकाठ

माळरान, ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेली ही योजना २१ ते २४ वयाच्या, पूर्णवेळ शिक्षणात किंवा पूर्णवेळ नोकरीत नसलेल्या तरुणांसाठी आखलेली होती आणि तिचा कालावधी १२ महिन्यांचा ठरवला होता. मुलगा नियमित महाविद्यालयात शिकत आहे, तेव्हा श्रेयांकासाठी तिच्यावर विसंबू नये. त्याच्या महाविद्यालयातील ओजेटी समन्वयकांना आताच भेटावे.

या निमित्ताने एक गोष्ट सर्वांसाठी लिहिते, कारण पालकांचा तिथे नेहमी गोंधळ होतो. श्रेयांक कंपनी देत नाही. कंपनी काम आणि तास प्रमाणित करते, मूल्यमापन महाविद्यालय करते आणि श्रेयांक विद्यापीठाच्या निकालातून अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समधील विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतात. त्यामुळे ‘आमच्याकडे या, चार श्रेयांक मिळतील’ अशी जाहिरात दिसली तर आधी महाविद्यालयाला विचारावे आणि मगच पैसे, खरे तर वेळही, द्यावा.

दूरदेशी

मी मूळचा नाशिकचा, सध्या अमेरिकेत टेक्सासमध्ये सायबर सुरक्षेत एम. एस. करतो आहे. इथला प्रकार थोडा वेगळा आहे, तो सांगतो. पुढे इकडे येऊ इच्छिणाऱ्यांना उपयोगी पडेल.

एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्याला शिकत असताना कंपनीत इंटर्नशिप करायची, तर साधारणपणे सीपीटी (करिक्युलर प्रॅक्टिकल ट्रेनिंग) नावाची परवानगी लागते आणि ते काम अभ्यासक्रमाचा भाग असल्याशिवाय ती मिळत नाही. म्हणून अनेक विद्यापीठे इंटर्नशिपसाठी वेगळा श्रेयांक-विषय ठेवतात, त्याला नाव नोंदवावे लागते आणि त्याचे शिक्षणशुल्कही भरावे लागते. भारतातून आलेल्या मुलांना हे फार विचित्र वाटते, की उन्हाळाभर काम आपण करायचे आणि शुल्कही आपणच भरायचे. पण त्या बदल्यात एक प्राध्यापक तुमच्या कामाशी बांधले जातात. माझ्या विभागात काम सुरू होण्याआधी ‘या उन्हाळ्यात मी काय शिकणार आहे’ याचे एक पान लिहून त्यावर विद्यार्थी, कंपनीतील वरिष्ठ आणि प्राध्यापक अशा तिघांच्या सह्या घ्याव्या लागल्या. माझाही गोपनीयतेचा करार होता, तरी त्या पानामुळे शेवटी अडचण आली नाही, कारण मूल्यमापन त्या उद्दिष्टांचे झाले, ग्राहकाच्या माहितीचे झाले नाही. कृष्णाकाठ यांनी असे पान आपल्याकडे जरूर करून पाहावे.

येणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की सीपीटीची नोंद आय-२० वर, म्हणजे विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेल्या पात्रतापत्रावर, होण्यापूर्वी एक दिवसही काम केले तर व्हिसाची स्थिती धोक्यात येते, आणि एकाच पदवीच्या पातळीवर पूर्णवेळ सीपीटी १२ महिने झाली तर पुढची ओपीटी, म्हणजे त्या पदवीच्या आधारे मिळणारी कामाची परवानगी, मिळत नाही. सायबर सुरक्षेत आणखी एक अडसर आहे. संरक्षण आणि सरकारी कंत्राटांतील बऱ्याच जागांना अमेरिकन नागरिकत्व लागते, आणि सायबरकोर ही सरकारी शिष्यवृत्तीही नागरिक व कायम रहिवाशांपुरतीच आहे. माझे पहिले दोन महिने अशा जागांना अर्ज करण्यात वाया गेले.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मी आठवडाभर या प्रतिसादांवर काम केले, विभागप्रमुखांशी आणि दोन कंपन्यांशी बोलले, आणि पुढच्या सत्रासाठी काही गोष्टी ठरवल्या आहेत. त्या इथे लिहिते, म्हणजे त्यांतील उणिवा तुम्ही दाखवू शकाल.

गोपनीयतेचा करार विद्यार्थ्याने सही करण्यापूर्वी महाविद्यालय वाचणार. दूरदेशी यांनी सांगितलेले तिघांच्या सह्यांचे पान त्याच वेळी होणार आणि ‘विद्यार्थी नाव-पत्ते काढून टाकलेला अहवाल सादर करू शकेल, तो कंपनी सादरीकरणाच्या दहा दिवस आधी तपासेल’ हे वाक्य त्यात असणार. हे वाक्य मान्य नसलेल्या ठिकाणी आम्ही मुलांना पाठवणार नाही, मग ती जागा कितीही मोठ्या नावाची असो. रोजनिशीत सह्यकडा यांनी सांगितलेले रंग असतील. त्याच रोजनिशीत ‘आज मी काय चुकलो आणि ते कोणी दाखवले’ असा एक रकाना मी रातराणी यांच्या अनुभवावरून वाढवला आहे. चार दिवसांत संपणाऱ्या प्रमाणपत्रांना तो रकाना भरता येणार नाही, असे मला वाटते.

तोंडी परीक्षेविषयी मला सर्वांत जास्त विचार करावा लागला. ‘काय केलेस?’ हा प्रश्न आम्ही बदलणार आहोत. परीक्षक विद्यार्थ्याला बनावट लॉगचे एक पान देतील, ज्यातले पत्ते राखीव पट्ट्यांतलेच असतील, आणि पंधरा मिनिटांत त्यात काय दिसते, पुढे काय तपासशील आणि कोणाला कळवशील, हे विचारतील. ज्याने १२० तास खरोखर अलर्ट पाहिले आहेत, त्याचा हात त्या पानावर आपोआप योग्य ओळीपाशी जाईल. मागच्या सत्रातील त्या विद्यार्थ्याला मी परवा बोलावले होते आणि असे एक पान प्रयोग म्हणून त्याच्यासमोर ठेवले. त्याने सहा मिनिटांत तीन गोष्टी दाखवल्या; त्यांतील एक तर पान तयार करताना माझ्याच लक्षात आली नव्हती. त्याचे गुण आता बदलणार नाहीत, हे मी त्याला स्पष्ट सांगितले आणि त्याची क्षमाही मागितली. पुढच्या तुकडीसाठी अशी वीस पाने तयार करायला तो आनंदाने तयार झाला आहे.

पिंपळपान, तुमच्या बँकेसारख्या ठिकाणी दोन विद्यार्थिनींना पाठवण्याची आमची इच्छा आहे. दोघींनाही घरून ये-जा करावी लागेल. आमच्या तालुक्यातील दोन पतसंस्था आणि एक रुग्णालय यांना मी सोमवारी पत्रे देत आहे. घड्याळांचा तुमचा तक्ता कोणत्या रकान्यांचा होता, तेवढे इथे लिहिलेत तर त्या पत्रांसोबत नमुना म्हणून जोडता येईल.

पिंपळपान

रकाने असे होते : यंत्राचा सांकेतिक क्रमांक, ते कुठे आहे, वेळ कोणत्या सर्व्हरकडून घेते, तपासणीच्या क्षणी किती सेकंदांचा फरक होता, दुरुस्ती कोणी व कधी केली, आणि आठ दिवसांनी पुन्हा पाहिल्यावर किती फरक उरला. शेवटचा रकाना गाळू नका. आमच्याकडे दोन यंत्रे दुरुस्त करूनही आठवड्यात पुन्हा मागे पडली आणि त्यांच्या आतील बॅटऱ्या बदलाव्या लागल्या. पत्र आमच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावे द्यावे. मी त्यांच्याशी बोलून ठेवतो.